सतरा आठे विचारलं की सतरा एकेपासून सुरुवात

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. बारापर्यंतचे पाढे तिला येतात. पुढचे पाढे, तेरा ते एकोणीस, ती गेले काही महिने रोज एकेक घेऊन दहादा लिहून काढते. वहीत चूक नसते. पण मधूनच ‘सतरा आठे किती?’ असं विचारलं, की ती सतरा एके सतरापासून सुरुवात करते आणि चोकाच्या पुढे अडखळते. काल तेरा साते विचारलं तर एक्क्याण्णवऐवजी एक्कावन्न सांगितलं आणि रडायलाच लागली. घरातले मोठे म्हणतात, तीसपर्यंतचे पाढे यायलाच हवेत. पुढच्या महिन्यात शाळेत दोन अंकी संख्येने भागाकार सुरू होणार आहे. आम्ही नेमकं काय करावं?

— एक आई

उत्तर:

वहीत सगळं बरोबर आणि तोंडी विचारलं की अडखळणं, तुमच्या पत्रातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तुमची मुलगी आळशी नाही आणि तिची स्मरणशक्तीही कमी नाही. ती रोज मेहनत करते आहे, पण भलत्याच गोष्टीची.

एकदा ती सतराचा पाढा लिहीत असताना शेजारी बसून नुसतं बघा. दोनपैकी एक गोष्ट दिसेल. एक तर ती आधीच्या उत्तरात १७ मिळवत खाली जात असेल: ३४, ५१, ६८. नाहीतर उभे रकाने भरत असेल: आधी एककाच्या जागी ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ० असे आकडे ओळीने, मग डावीकडचे आकडे. दोन्ही प्रकारांत पाढा बिनचूक लिहून होतो आणि ‘सतरा आठे’ हा प्रश्न डोक्यात एकदाही उभा राहत नाही. दहा वेळा लिहिलं म्हणजे १७ ची बेरीज दहा वेळा केली, एवढंच. म्हणून लिहून काढणं आजपासून बंद करा.

घोकण्याचंही थोडं असंच आहे. ओळीने म्हटलेला पाढा म्हणजे माळ. मधला मणी हवा असेल तर टोकापासून ओढत यावं लागतं. पाढे म्हणण्याला माझा विरोध नाही, त्याची लय उपयोगी पडते आणि मुलांना ती आवडतेही. पण ते दिवसातून दोनच मिनिटं, आणि सुरुवात दर वेळी वेगळ्या जागेवरून: आज सकापासून, उद्या दाह्यापासून उलटं, परवा एक सोडून एक. एकेपासून सुरू करायला मात्र काही दिवस बंदी घाला.

आता मोजदाद करू, म्हणजे तुमच्या आणि तिच्या मनावरचं ओझं कमी होईल. अकरा ते वीस या दहा पाढ्यांत शंभर उत्तरं असतात. त्यातली दहा ‘एके’ची आणि दहा ‘दाहे’ची, ती पाठ करावी लागत नाहीत. उरली ८०. वीसचा पाढा म्हणजे दोनच्या पाढ्याला शून्य जोडायचं, अकराचा तर डोळ्यांना दिसतो, आणि बाराचा तिला येतो. प्रत्येकी आठ उत्तरं वजा केली की ५६. ‘दुणे’ म्हणजे दुप्पट आणि ‘पाचे’ म्हणजे दहापटीची निम्मी, त्यामुळे तेरा ते एकोणीस या सात पाढ्यांतली १४ उत्तरं गेली. उरली ४२. पंधराचा पाढा घड्याळाच्या मिनिटांवरून तिला निम्माशिम्मा येतच असेल. त्याची सहा गेली. ‘नव्वे’ म्हणजे दहापटीतून एकदा वजा. आणखी सहा गेली. उरली ३०.

या तीसमध्ये चौदा, सोळा आणि अठरा हे सात, आठ आणि नऊ यांचे दुप्पट आहेत. सात सक बेचाळीस येत असेल तर चौदा सक चौऱ्याऐंशी फुकट मिळतात. इथली पंधरा उत्तरं कमी झाली. एकोणीस हा वीसला एक कमी; त्याची पाच कमी झाली.

शेवटी खरोखर पाठ करायची उरतात ती फक्त दहा उत्तरं. तेराची पाच: त्रिक ३९, चोक ५२, सक ७८, साते ९१, आठे १०४. सतराची पाच: त्रिक ५१, चोक ६८, सक १०२, साते ११९, आठे १३६. ही दहा उत्तरं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिला दाखवा. ‘सात पाढे राहिलेत’ आणि ‘दहा उत्तरं राहिलीत’ यांत मुलाच्या दृष्टीने फार मोठा फरक असतो.

मात्र हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे दोन ते नऊचे पाढे. तुम्ही म्हणता बारापर्यंत येतात. ते उलटसुलट विचारून एकदा तपासाच, कारण तेही ओळीनेच येत असण्याची शक्यता आहे. सहा साते आणि सात सक एकच धरलं तर दोन ते नऊमध्ये एकूण ३६ गुणाकार होतात. ते चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, विचारा. तीन सेकंदांच्या आत आलेलं उत्तर एका ढिगात. उशिरा आलेलं, मोजून आलेलं किंवा चुकलेलं दुसऱ्या ढिगात. दुसऱ्या ढिगात बहुधा ६×७, ६×८, ७×८, ७×९, ८×९ अशी मंडळी सापडतील. ती पाच-सहाच असतील तर पुढे जात जात दुरुस्त करता येतात. दहाच्या वर गेली, तर तेराच्या पुढचं सगळं आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी ही भरून काढा. सतरा आठेमध्ये सात आठे दडलेले आहेत. सात आठे डळमळत असतील तर वरचं किती घोकलं तरी ते टिकणार नाही.

आता रीत. सतरा आठे म्हणजे दहा आठे आणि सात आठे. आधी मोठा भाग, मग छोटा: ऐंशी, छप्पन्न, एकशे छत्तीस. हा क्रम पाळायला हवा. शाळेत कागदावर गुणाकार उजवीकडून करतात: सात आठे छप्पन्न, सहा लिहिले, हातचे पाच. तीच रीत तोंडी वापरली की हातचे पाच विसरले जातात आणि उत्तर ८६ येतं. मुलाला त्यात काही गैर वाटत नाही, कारण उत्तर साधारण केवढं असावं याचा अंदाजच बांधलेला नसतो. डावीकडून सुरुवात केली, की ऐंशी आधीच हातात असतात. त्यांत छप्पन्न मिळवायचे म्हणजे शंभर ओलांडणारच, हे मुलाला आपोआप कळतं.

तरीही प्रत्येक उत्तराला हीच वाट बरी असं नाही. सतरा सकसाठी पंचाऐंशीवरून एक पाऊल पुढे जाणं सोपं: ८५ आणि १७, १०२. सतरा चोकसाठी दुपटीची दुप्पट: ३४, ६८. तेरा आठेसाठी बावन्नची दुप्पट, १०४. तिला दोन-तीन वाटा दाखवा, तिची तिला निवडू द्या. पण एका उत्तराला एकच वाट ठरली की निदान दोन आठवडे ती बदलू नका. नवीन उत्तर बसत असताना तुम्ही एक वाट सांगता, बाबा दुसरी आणि शिकवणीत तिसरी, असं झालं की मूल उत्तर शोधण्याऐवजी वाट शोधत बसतं. दुसरी वाट पुढे पडताळ्यासाठी कामी येते.

दुपटीच्या पाढ्यांत, म्हणजे चौदा, सोळा, अठरामध्ये, चूक साधारण एकाच ठिकाणी होते. ५६ ची दुप्पट करताना पन्नास-पन्नास शंभर होतात, सहा-सहा बारा होतात, आणि बारातला दशक वाटेत हरवतो. उत्तर ११२ ऐवजी १०२ येतं. म्हणून पाढ्याआधी दुप्पट पक्की करा. लागणाऱ्या दुपटी मोजक्याच आहेत: सातच्या २१, २८, ४२, ४९, ५६, आठच्या २४, ३२, ४८, ५६, ६४, नऊच्या २७, ३६, ५४, ६३, ७२. दोन दिवस ‘याची दुप्पट किती?’ एवढंच विचारा, पाढ्याचं नावही काढू नका. तिसऱ्या दिवशी ‘सोळा साते’ विचारा आणि ती अडली तर एवढंच म्हणा, ‘आठ साते?’ काही मुलं उत्साहाच्या भरात दोन्हीकडची संख्या निम्मी करतात, म्हणजे सोळा आठेसाठी आठ चोक घेऊन दुप्पट करतात आणि ६४ सांगतात. तसं झालं तर एकच संख्या निम्मी करायची, दुसरी जशीच्या तशी ठेवायची, हे चौकटींच्या कागदावर १६ × ८ चा आयत काढून आणि मधोमध रेघ मारून दाखवा. शब्दांनी समजावण्यापेक्षा रेघ लवकर पटते.

एकोणीसमध्ये चूक वेगळी होते. एकोणीस साते म्हणजे वीस साते १४०, त्यातून सात वजा, १३३. मूल १४० मधून एकच वजा करून १३९ सांगतं, कारण ‘वीसला एक कमी’ एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं असतं. एक कमी हे सात वेळा कमी आहे, हे त्याला बोलून दाखवायला लावा: ‘वीसचे सात गट, प्रत्येकातून एक काढला, म्हणजे सात काढले.’ अठराचा पाढा वीसवरून केला तर हेच होतं, १४० मधून चौदाऐवजी दोन जातात. म्हणून अठराला नऊच्या दुपटीची वाट मला जास्त सुरक्षित वाटते. ‘नव्वे’तही हीच गोम आहे: सतरा नव्वे म्हणजे १७० वजा १७, पण मूल सात वजा करून १६३ वर थांबतं. आधी दहा काढ, १६०. मग सात काढ, १५३, असं दोन पायऱ्यांत करू द्या.

आता कालच्या एक्कावन्नबद्दल. ती चूक गुणाकाराची नसावी. एक्कावन्न आणि एक्क्याण्णव कानाला जवळजवळ सारखे वाटतात, त्यात एक्कावन्न सतरा त्रिकचं उत्तर म्हणून जवळच घुटमळत असतं. आपल्या संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येतो, आणि दशकाचा शेपटाकडचा आवाज घाईत गिळला जातो. बावन्न आणि ब्याण्णव, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव, अठ्ठावन्न आणि अठ्ठ्याण्णव, अडुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर, सहासष्ट आणि शहात्तर, अशा जोड्या घाईत सहज मिसळतात. तेरा त्रिकचं एकोणचाळीस ऐकून ४९ लिहिणारी मुलंही असतात, कारण शब्दात चाळीस ऐकू येतं. छत्तीस ऐकून ६३ लिहिणं हा तर नेहमीचाच प्रकार.

याची परीक्षा पाच मिनिटांत होते. पाढे बाजूला ठेवून तिला वीस संख्या सांगा आणि आकड्यांत लिहायला लावा: ५१, ९१, ७८, ६८, ३९, ५७, ७६, ९८, ५२, ९२ अशा. मग उलट, आकडे दाखवून नावं विचारा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर दुखणं पाढ्यांचं नाही, संख्यानामांचं आहे, आणि ते आठवडाभरात सुधारतं. तोवर उत्तर सांगताना तिला हवं तर ‘नव्वद आणि एक’ असं म्हणू द्या. गुणाकार बरोबर असताना नावाच्या गोंधळामुळे ‘चूक’ ऐकायला लागणं मुलाला फार लागतं, आणि आपल्याला पाढे येतच नाहीत अशी त्याची खात्री होऊन बसते.

पडताळ्यासाठी शेवटचा अंक बघायला शिकवा. सतरा आठेच्या शेवटी सात आठेचा शेवटचा अंक, म्हणजे ६, यायलाच हवा. बेरजेचा ताळा, म्हणजे अंक मिळवून नऊने तपासणं, अनेकांना माहीत असतो, पण इथे तो पुरेसा नाही: १३६ आणि १६३ या दोन्हींच्या अंकांची बेरीज १०, त्यामुळे उलटसुलट लिहिलेलं उत्तरही ताळ्यात बरोबर ठरतं. आणि मराठीत मुलं नेमकी तीच चूक करतात. शेवटचा अंक पाहिला की ती लगेच पकडली जाते.

क्रम कसा ठेवायचा? आधी पंधरा आणि एकोणीस, कारण दोन्ही लवकर जमतात आणि मुलाला धीर येतो. एकोणीसचं गणित गमतीचं आहे: एककाचा अंक ९, ८, ७ असा एकेक कमी होतो आणि डावीकडे १, ३, ५, ७, ९, ११ अशा विषम संख्या चढत जातात. तिला ते स्वतः शोधू द्या. मग सोळा, चौदा, अठरा. त्यानंतर तेराची पाच उत्तरं. सतरा सगळ्यांत शेवटी, आणि तेरा संपल्यावर लगेच नको. मध्ये निदान चार-पाच दिवस नुसती सरमिसळ उजळणी ठेवा. तेराच्या पाढ्याचे शेवटचे अंक (३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०) शून्य सोडून उलटे वाचले की सतराचे होतात, त्यामुळे दोन्ही एकदम घेतले तर एकमेकांत मिसळतात.

रोजचा वेळ दहा मिनिटं, तोही पाच-पाच मिनिटांच्या दोन बैठकांत. मधे काही तास जाऊ द्या. एकदम अर्धा तास बसवण्यापेक्षा हे जास्त टिकतं. थोडं विसरायला लागल्यावर पुन्हा आठवायला लावणं, याचाच खरा उपयोग होतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठांतर एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर पसरलेलं बरं. घरी त्यासाठी जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि तीन पाकिटं पुरतात. चिठ्ठीच्या एका बाजूला १७ × ८, मागे १३६ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ८० + ५६. नवी चिठ्ठी ‘रोज’च्या पाकिटात. ओळीने तीन दिवस चटकन उत्तर आलं की ‘दोन दिवसांआड’च्या पाकिटात, तिथेही दोनदा जमलं की ‘आठवड्याला’. कुठेही चुकली की परत ‘रोज’मध्ये. एका दिवशी नव्या चिठ्ठ्या तीनच. बाकी सगळ्या जुन्या, आणि त्यांतल्या निम्म्या तिला हमखास येणाऱ्या असू द्या. सगळेच अवघड प्रश्न एकापाठोपाठ आले की मूल तिसऱ्या चुकीला मिटून जातं.

विचारायची पद्धतही सांभाळा. प्रश्न विचारल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहा. उत्तर आलं नाही तर ते सांगू नका, आधार द्या: ‘दहापट किती?’ किंवा ‘पाचपट किती?’ तेवढ्यावर गाडी सुरू झाली तर उत्तम. नाही झाली तर मात्र सरळ उत्तर सांगून टाका, तिला एकदा म्हणू द्या, दुसरे दोन प्रश्न विचारा आणि पुन्हा तोच विचारा. ‘आठव, आठव’ करत ताणलं की मूल अंदाज ठोकतं, आणि चुकीचा अंदाज दोन-तीनदा तोंडातून गेला की तोच पाठ होतो. घड्याळ लावून घाई करणं पहिले तीन आठवडे पूर्ण टाळा. ऐंशी आणि छप्पन्न हे दोन आकडे क्षणभर मनात धरून ठेवायचे असतात. भीती वाटली की ती जागा भीतीच व्यापते आणि एक आकडा निसटतो. वेग वाढायचा तो उत्तरं आठवणीत बसल्यावर आपोआप वाढतो. आणि ती रडली, तर त्या दिवसाची बैठक तिथेच संपली असं समजा. ‘एवढं एक सांगून जा’ नको.

दोन आठवड्यांनी उलटे प्रश्न सुरू करा: ‘एक्क्याण्णव कुणाच्या पाढ्यात?’ ५१, ५७, ६८, ७६, ८७, ९१, ९५, ११९, १३३ यांतल्या काही संख्या बघितल्यावर कशानेच भाग जात नाही असं वाटतं, आणि मुलं अपूर्णांकाला संक्षिप्त रूप न देताच तो सोडून देतात. ९१ छेद ११९ समोर आला की दोन्हींत सात आहे हे दिसायला हवं; मग १३ छेद १७ उरतात. मोठे पाढे खऱ्या अर्थाने कामी येतात ते इथे आणि भागाकारात. तोंडी पाढा म्हणून दाखवण्याचं कौतुक मला त्यापुढे कमी वाटतं.

आता तीसपर्यंतचा आग्रह. घरातल्या मोठ्यांचा हेतू चांगला आहे, पण एकवीस ते तीस घोकायला लावण्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पंचवीसचा पाढा मात्र जरूर करून घ्या. शंभराचे चार भाग सतत लागतात. चोवीस बाराच्या दुपटीने येतो. अठ्ठावीस आणि एकोणतीस तीसवरून खाली उतरून: अठ्ठावीस सक म्हणजे १८० वजा १२, १६८, एकोणतीस साते म्हणजे २१० वजा ७, २०३. बाकीचे फोडून: तेवीस साते १४० आणि २१, १६१. सत्तावीस आठे १६० आणि ५६, २१६. हे करायला तिला दोन-तीन सेकंद लागतील, आणि तेवढे पुरेसे आहेत.

घोकण्याची हौस असेल तर त्याऐवजी वर्ग करा, अकरा ते पंचवीसचे: १२१, १४४, १६९, १९६, २२५, २५६, २८९, ३२४, ३६१, ४००, ४४१, ४८४, ५२९, ५७६, ६२५. पंधराच संख्या, पण त्यांवरून कितीतरी गुणाकार सुटतात. तेरा गुणिले सतरा म्हणजे पंधराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंतरावरच्या संख्या; २२५ मधून दोनचा वर्ग ४ काढला की २२१. हे पाढे पक्के झाल्यावर, आधी नाही.

अकरा ते एकोणीसमधल्या दोन संख्यांचा गुणाकार करायची एक युक्ती तिला शाळेत किंवा मैत्रिणींकडून कळेलच, म्हणून सांगून ठेवते. १७ × १४ साठी १७ मध्ये ४ मिळवायचे, २१, त्याची दहापट २१०, मग एकक गुणायचे, सात चोक अठ्ठावीस, एकूण २३८. युक्ती खरी आहे, पण दोन्ही संख्या दहाच्या घरातल्या असतील तरच. २३ × १४ ला तीच लावली तर २७० आणि १२ मिळून २८२ येतात, खरं उत्तर आहे ३२२. कारण तेवीस हे दहापेक्षा तीनने नाही, तेराने मोठे आहेत. कारण समजेपर्यंत युक्ती देऊ नका.

राहिला पुढच्या महिन्यातला भागाकार. तोवर सतराचा पाढा पूर्ण बसला नसेल तरी काळजी नको. भागाकार सुरू करण्याआधी समासात भाजकाची छोटी पट्टी लिहायला शिकवा: एकपट, दुप्पट, चौपट, आठपट, फक्त दुप्पट करत जायचं, मग दहापट आणि तिची निम्मी पाचपट. तेवीसने भागायचं असेल तर २३, ४६, ९२, १८४, आणि २३०, ११५. या सहा आकड्यांतून बाकी सगळ्या पटी बेरजेने मिळतात. १६५६ भागिले २३ घ्या. पहिले तीन अंक १६५; पट्टीवर १८४ मोठे, ११५ लहान. चौपट आणि दुप्पट मिळून सहापट १३८, त्यात आणखी एक पट, सातपट १६१. बाकी ४, वरून ६ खाली, ४६, म्हणजे बरोबर दुप्पट. उत्तर ७२. ही पट्टी लिहायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि पाढा येत नसलेल्या कुठल्याही भाजकाला ती चालते, ३७ असो की ८३. भागाकारात मुलं सर्वांत जास्त वेळ घालवतात ते ‘सातने जाईल की आठने’ हे चाचपडण्यात आणि खोडरबराने खोडण्यात. पट्टी समोर असली की ते थांबतं. बाईंनी समासात लिहायला हरकत घेतली तर पानाच्या मागच्या बाजूला लिहू द्या, पण निदान पहिला महिनाभर ती लिहिण्याची सवय मोडू नका.